नव्या गावाची ओळख सायकलवरून: डेल्फ्टला शिकायला येणाऱ्यांसाठी

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं, सायकल घे. मुलं घेतातही. पण पुढे ती सायकल खोलीवरून कॅम्पस आणि कॅम्पसवरून सुपरमार्केट एवढीच फिरते. दोन वर्षांचं मास्टर्स संपत आलं तरी गावाचा नकाशा डोक्यात बसलेला नसतो, कारण दर वेळी वाट फोनने दाखवलेली असते. मी इथे जलव्यवस्थापन शिकते आणि हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. सायकलवरून समजून घ्यायला याहून सोयीचं गाव सापडणं कठीण आहे. त्यासाठी रस्त्यावरच्या खुणा वाचायला शिकायचं आणि फोन खिशात ठेवायचा.

सुरुवात सायकलपासून. गिअर नसले तरी चालतं. चढ लागतो तो फक्त पुलांवर. ब्रेक मात्र नीट बघा. इथल्या बऱ्याच जुन्या सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो, पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. त्याची सवय होते, पण एक अडचण राहते: थांबल्यावर पायडल मागे फिरवून हवं तिथे आणता येत नाही. म्हणून सिग्नलला थांबता थांबताच एक पायडल थोडं वर राहील असं बघायचं, म्हणजे हिरवा दिवा लागताच पाय देता येतो. तरी माझा सल्ला, पुढच्या चाकाला हातब्रेक असलेलीच सायकल घ्या. इथली माणसं उंच, सायकलीही उंच. सीट खाली करूनही पाय टेकत नसतील तर कितीही स्वस्त असली तरी ती सायकल सोडून द्या.

जुनी सायकल घेताना फ्रेमवर कोरलेला नंबर बघा. तो खरवडलेला असेल तर तिथूनच परत फिरा. नंबर शाबूत असेल तर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकून ती चोरीची आहे का ते तपासता येतं. चोरीची सायकल विकत घेणं हाही इथे गुन्हा आहे. दुरुस्तीची कटकट नको असेल तर महिन्याच्या भाड्याने मिळणारी स्वॅपफीट्स आहे. पुढचं चाक निळं असलेल्या ज्या सायकली सगळीकडे दिसतात त्या हिच्याच, आणि २०१४मध्ये ही कल्पना डेल्फ्टच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केली. कुलपं दोन हवीत: एक मागच्या चाकाचं गोल कुलूप आणि दुसरी जाड साखळी, जी एखाद्या पक्क्या कठड्यातून घालता येईल. दिवे पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, आणि लुकलुकणारे नाहीत. सायकलवर बसवायचे नसतील तर अंगावरच्या जॅकेटला अडकवलेले चालतात, डोक्यावर लावलेले चालत नाहीत.

आता खुणा. हा भाग घाईत वाचू नका, कारण गावात बिनधास्त फिरता येणं यावरच अवलंबून आहे.

चौकात जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसेल. इथे त्यांना शार्कचे दात म्हणतात. त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं तुम्ही, आडव्या रस्त्याने येणाऱ्याला जाऊ द्यायचं. दातही नाहीत आणि सिग्नलही नाही, अशा चौकात उजवीकडून येणारा आधी जातो. २००१पासून हा नियम सायकललाही लागू आहे, म्हणजे उजव्या गल्लीतून तुम्ही सायकलवर आलात तर मोटारसुद्धा तुमच्यासाठी थांबते. ट्रॅमला मात्र अशा चौकात नेहमीच पहिला मान. डाव्या बाजूने गाडी चालवत वाढलेल्या आपल्या लोकांची नजर सवयीने चुकीच्या बाजूला जाते. त्यावर उपाय म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक चौकाआधी मनातल्या मनात ‘उजवा’ म्हणत जा.

गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल म्हणजे सायकलचा रस्ता, आणि तो असेल तिथे त्यावरूनच जायचं. प्रवेशबंदीच्या लाल पाटीखाली छोट्या पाटीवर सायकलचं चित्र आणि ‘उइटगेझोन्डर्ड’ असा शब्द दिसला तर खुशाल आत शिरा, बंदी सायकल सोडून बाकीच्यांना आहे. जुन्या गावातल्या कितीतरी एकेरी गल्ल्या अशा सायकलला दोन्हीकडून मोकळ्या असतात, आणि गाव समजायचं तर त्याच गल्ल्यांतून फिरायला हवं. वळताना हात दाखवा. डावीकडे वळायचं तर मोठ्या चौकात आधी सरळ पलीकडे जा, मग तिथल्या सिग्नलला थांबून डावी बाजू घ्या. ट्रॅमचे रूळ शक्य तितके आडवे ओलांडा. तिरके गेलात तर चाक खाचेत अडकतं, आणि पावसात रूळ निसरडे होतात. फोन हातात धरून सायकल चालवायला १ जुलै २०१९पासून बंदी आहे, दंड होतो. हँडलवरच्या होल्डरमध्ये ठेवलेला चालतो, पण मी तर म्हणते तोही नको.

कारण फोनशिवाय दिशा कळायची सोय डेल्फ्टमध्ये उभीच आहे. जमीन सपाट, त्यामुळे उंच काही असलं की ते लांबून दिसतं. बाजारचौकातलं नवं चर्च १०८.७५ मीटर उंच, सरळ, टोकदार. त्याच्या पश्चिमेला जुनं चर्च, ज्याचा मनोरा सुमारे दोन मीटर कललेला आहे. कोपऱ्यांवरच्या चार छोट्या सुळक्यांमुळे तो लगेच ओळखू येतो. आणि आग्नेयेला, विद्यापीठाच्या आवारात, ईडब्ल्यूआयची, म्हणजे इलेक्ट्रिकल, गणित आणि संगणकशास्त्र विभागाची, ९० मीटरची लांबट इमारत. पश्चिमेच्या शेतांमधून मागे वळून बघितलं तर नवं चर्च डावीकडे आणि ईडब्ल्यूआय उजवीकडे दिसते. रोटरडॅमच्या बाजूने परत येताना दोन्ही जवळजवळ एका रेषेत येतात आणि ईडब्ल्यूआय पुढे असते. एवढं लक्षात ठेवलंत तर घराची दिशा कुठूनही सांगता येईल.

पहिल्या काही फेऱ्या लहान ठेवा, पण दर वेळी खोलीतून निघून वेगळ्या वाटेने परत या. गेल्या वाटेने परतलं तर एकच रेघ पाठ होते. एक फेरी तानटोफ या दक्षिणेकडच्या वस्तीत कराच. तिथले रस्ते मुद्दाम वळणावळणाचे केलेले आहेत. घरांपुढची गल्ली ही आधी राहणाऱ्यांची आणि खेळणाऱ्या मुलांची, मग गाड्यांची, ही ‘वोनएर्फ’ नावाची कल्पना डेल्फ्टमध्येच रुजली आणि १९७६मध्ये देशाच्या कायद्यात आली. घर, माणूस आणि मूल दाखवणारी निळी पाटी दिसली की चालण्याच्या वेगाने जायचं. तानटोफमध्ये मनोरे घरांआड जातात आणि वाट हमखास हरवते. हरवू द्या. ट्रॅमचा रूळ लागेपर्यंत फिरा, त्याच्या बाजूने उत्तरेला गेलात की स्टेशन येतं.

गावाबाहेर पडायची वेळ आली की आकड्यांचं जाळं वापरा. सायकलवाटा जिथे मिळतात तिथे खांबावर एक नंबर असतो आणि पुढच्या नंबरकडे नेणारे बाण. बहुतेक ठिकाणी शेजारी नकाशाचा फलकही असतो. ही पद्धत १९९५मध्ये शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात सुरू झाली आणि मग नेदरलँड्सभर पसरली. घरी बसून नकाशावर नंबर ठरवा, कागदाच्या पट्टीवर ओळीने लिहा आणि पट्टी हँडलवर चिकटवा. तेच नंबर दुसऱ्या भागात पुन्हा येतात, त्यामुळे एकट्या नंबरावर विसंबू नका, क्रम बघा.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे गावाच्या पश्चिमेचा मिडन-डेल्फलंड. ट वाउट नावाचं एक इवलंसं खेडं आहे, एक चर्च आणि मोजकी घरं, डेल्फ्टपासून ४-५ किलोमीटरवर. वाट बांधावरून जाते. एका बाजूला कालव्याचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून खाली गवताळ शेतं, गायी. पाणी वर आणि जमीन खाली हे पुस्तकात वाचून नीट कळत नाही, सायकलवरून दोन्हीकडे बघितलं की कळतं. इथलं पाणी सांभाळणारी डेल्फलंडची जलसंस्था १२८९पासून चालत आली आहे, आणि तिचं जुनं घर गावातल्या ऑडे डेल्फ्ट कालव्याच्या काठीच आहे. जाताना ते बघून घ्या, मग बांधावर पोचल्यावर त्या घरात बसून काय ठरवलं जात होतं ते डोळ्यांसमोर असतं.

वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. पश्चिमेची फेरी म्हणूनच नवख्याला बरी: जाताना ताकद असते तेव्हा वारा तोंडावर, येताना पाठीवर. समुद्राकडे, स्खेव्हनिंगनला जायचं असेल तर पंधराएक किलोमीटर पडतात. त्या दिवशी निघण्याआधी वाऱ्याची दिशा आणि पुढच्या दोन तासांचा पाऊस बघूनच ठरवा. इथले सगळे त्यासाठी बाउएनराडार बघतात. छत्री विसरा, रेनकोट आणि पावसाळी पँट घ्या.

आणि मग, महिनाभराने पाय तयार झाले की, स्खी कालव्याच्या काठाने रोटरडॅम. होइकाडे या काठावरच्या रस्त्यावरून निघा, सतराव्या शतकातल्या फेरमेर या चित्रकाराने डेल्फ्टचं जे प्रसिद्ध चित्र काढलं ते याच काठावरून दिसणारं गाव आहे. पुढे पाण्याची साथ न सोडता स्वेथ, मग ओव्हरस्खी. व्यापारासाठी मास नदीपर्यंत स्वतःची वाट हवी म्हणून डेल्फ्टने १३८९मध्ये कालवा खणायची परवानगी मिळवली आणि नदीकाठी डेल्फ्सहाफन हे बंदर उभं केलं. आपण त्या जुन्या मालवाहतुकीच्याच मार्गाने चाललेलो असतो. १४ मे १९४०च्या बॉम्बहल्ल्यात रोटरडॅमचं मधलं शहर जळून गेलं, डेल्फ्सहाफन बरंचसं वाचलं. म्हणून रोटरडॅममध्ये जुनी घरं बघायची तर इथे उतरून, सायकल हातात धरून चाला. डेल्फ्टपासून हे अंतर १२-१३ किलोमीटर भरतं.

तिथून युरोमास्ट या उंच मनोऱ्याच्या दिशेने थोडंसं गेलं की मासटनल. १९४२मध्ये उघडलेल्या या बोगद्यात सायकलींची आणि पादचाऱ्यांची वेगवेगळी नळी आहे, आणि खाली जायला लाकडी सरकते जिने. सायकल घेऊन जिन्यावर उभं राहायचं आणि हातब्रेक घट्ट दाबून धरायचा. पुढच्या चाकाला हातब्रेक हवा असं वर म्हटलं त्याचं हेही एक कारण. नदीखालून पलीकडे जा, तसेच परत या आणि रोटरडॅम सेंट्रल स्टेशन गाठा.

दमला असाल तर सायकलसकट ट्रेनने घरी येता येतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६:३० या वेळात सायकल नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आणि शनिवार-रविवारी ही अट नाही. सायकलचं वेगळं तिकीट लागतं, घडीची सायकल असेल तर ती घडी करून फुकट. डब्याच्या दारावर सायकलचं चित्र बघूनच चढा. डेल्फ्टला उतरल्यावर सायकल तिथेच ठेवायची असेल तर स्टेशनच्या पार्किंगमध्ये ठेवा, पहिल्या २४ तासांचे पैसे पडत नाहीत. बाहेर कुठेतरी आडवी-तिडवी लावलेली सायकल नगरपालिका उचलून नेते आणि ती दंड भरून सोडवून आणावी लागते.