गोदेतला ऑक्सिजन मोजायचा, तर आधी घड्याळ लावा

नाशिकला गोदावरीच्या रामकुंडाच्या खाली जिथे पाणी तुंबून हिरवं पडतं, तिथे एप्रिलच्या दुपारी तीन वाजता विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर आकडा लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतो. त्याच पायरीवर पहाटे साडेपाचला तो ३ च्या खाली घसरलेला सापडू शकतो. मोजणी दोन्ही वेळा बरोबरच असते. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ, जिवाणू आणि तळाचा गाळ मिळून तो खातात. त्यामुळे दुपारचा भरघोस आकडा पुष्कळदा सांडपाण्याच्या खतावर पोसलेल्या शेवाळाचा पुरावा असतो. महाविद्यालयांच्या प्रकल्पांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते: जेवणाच्या सुट्टीत एक बाटली भरायची आणि नदी ठणठणीत आहे असं लिहून टाकायचं.

म्हणून प्रत्येक ठिकाणी निदान दोन वेळा ठरवा: सूर्योदयाआधी अर्धा तास आणि दुपारी दोन ते चार. एकच फेरी जमणार असेल तर पहाटेची घ्या. मासे मरतात ते त्याच वेळी.

ठिकाणं निवडताना नदीच्या वाहण्याचा क्रम धरा. गंगापूर धरणाखालचं पाणी हा तुलनेचा आधार. पुढे आनंदवल्ली, रामकुंडाचा परिसर, तपोवनातला कपिला संगम, टाकळीला नासर्डी नदी मिळते त्याच्या वर आणि खाली, दसक-पंचक, सायखेडा आणि शेवटी नांदूर मधमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. सोमेश्वरच्या धबधब्याच्या अगदी पायथ्याशी नमुना घेऊ नका. पडणारं पाणी हवा ओढून घेतं आणि वरची घाण तेवढ्यापुरती झाकली जाते. संगमाच्या खाली दोन प्रवाह बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतात, म्हणून डावा काठ, मध्य आणि उजवा काठ असे तीन नमुने घ्या. पाणवेलींचा (जलपर्णीचा) थर असेल तर एक बाटली थराखालची आणि एक मोकळ्या पाण्यातली भरा; दोन्हींतला फरक बघण्यासारखा असतो.

नमुना बादलीने काढू नका. पुलावरून सोडलेली बादली आपटते, हवा मिसळते आणि कमी ऑक्सिजनचं पाणी उगाच चांगलं दिसतं. ३०० मिलिलिटरची, काचेच्या तिरप्या टोकाच्या बुचाची बीओडी बाटली घ्या (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन). पाण्यात उभं राहायचं झालं तर तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून गाळ खाली जाऊ द्या, मग बाटली साधारण ३० सेंटिमीटर खोल नेऊन सावकाश तिरकी भरा आणि बूच पाण्याखालीच बसवा. खोल पाण्यासाठी नमुनापात्राची रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवा आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडू द्या. आत हरभऱ्याएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ती बाटली ओतून पुन्हा भरा. तापमान तिथल्या तिथे मोजा. ते राहिलं तर पुढचं गणित अडतं.

ऑक्सिजन मोजायला लागणारी द्रावणं आदल्या दिवशी करा. १०० मिलिलिटर द्रावणात पन्नास बाटल्या होतात, जास्त करून ठेवू नका. पहिलं द्रावण: मँगनस सल्फेट मोनोहायड्रेट ३६.४ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाण्यात १०० मिलिलिटरपर्यंत. दुसरं: सोडियम हायड्रॉक्साइड ५० ग्रॅम आणि सोडियम आयोडाइड १३.५ ग्रॅम १०० मिलिलिटरपर्यंत, आणि त्यात १ ग्रॅम सोडियम अझाइड ४ मिलिलिटर पाण्यात विरघळवून. हायड्रॉक्साइड विरघळताना भांडं चटका बसण्याइतकं तापतं, म्हणून ते बर्फाच्या पाण्यात ठेवून थोडं थोडं टाका. अझाइड विषारी आहे आणि आम्लात त्याचा विषारी वायू होतो, तेव्हा अझाइडची आणि आम्लाची बाटली एकमेकींपासून लांब ठेवा. आणि अझाइड 'नाही मिळालं तर चालेल' या गटातलं नव्हे. सांडपाण्यात नायट्राइट असतो, तो आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतो आणि ऑक्सिजन खोटा वाढवतो.

बाटली भरल्यावर काठावरच पुढचं काम उरका:

१. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरून मँगनस सल्फेट २ मिलिलिटर, मग वेगळ्या पिपेटने अझाइडचं द्रावण २ मिलिलिटर सोडा.
२. बुडबुडा न अडकवता बूच लावा, बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराशुभ्र राहिला तर जवळजवळ नाही.
३. साका अर्ध्यापर्यंत बसू द्या, पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या.
४. तीव्र सल्फ्युरिक आम्ल २ मिलिलिटर बाटलीच्या मानेच्या कडेने सोडून हलवा. साका विरघळून पाणी पिवळं होतं. हा मोकळ्या झालेल्या आयोडीनचा रंग; ऑक्सिजन जितका जास्त, तितकं आयोडीन जास्त.

आता बाटली अंधारात ठेवून आठ तासांच्या आत प्रयोगशाळेत टायट्रेशन करा, म्हणजे हे आयोडीन संपवायला किती हायपो लागतो ते थेंब थेंब सोडून मोजा. उन्हात, गाडीच्या डिकीत वगैरे ठेवली तर आयोडीन उडतं आणि आकडा घटतो.

टायट्रेशनला २०३ मिलिलिटर घ्यायचे. २०० नव्हे, कारण दोन्ही द्रावणांनी बाटलीतलं ४ मिलिलिटर पाणी बाहेर ढकललेलं असतं. ०.०२५ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे ६.२०५ ग्रॅम स्फटिक उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात, सोबत ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग गवताच्या वाळक्या काडीसारखा फिका झाला की मगच स्टार्चचे थेंब टाका. आधी टाकलात तर स्टार्च आयोडीनला घट्ट धरून बसतं आणि शेवट ओळखू येत नाही. निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा. जितके मिलिलिटर हायपो लागला, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरला. निळा रंग काही सेकंदांतच परत येत असेल तर अझाइड जुनं झालं आहे किंवा कमी पडलं आहे.

हायपो दर आठवड्याला तपासा. १.२२६ ग्रॅम कोरडं पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटरमध्ये विरघळवा. त्यातले २० मिलिलिटर, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि थोडं सौम्य सल्फ्युरिक आम्ल एकत्र करून पाच मिनिटं अंधारात ठेवा, पातळ करा आणि टायट्रेट करा. हायपोही २० मिलिलिटरच लागला पाहिजे. इथला शेवट फिका हिरवट असतो. रंगहीन होण्याची वाट बघत नवखे थेंब सोडतच राहतात आणि मग सगळा हंगाम चुकीच्या हायपोवर जातो.

संपृक्ततेची टक्केवारी, म्हणजे त्या तापमानाला पाण्यात मावेल त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे ते, काढताना समुद्रसपाटीचा तक्ता जसाच्या तसा वापरू नका. नाशिक सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे तक्त्यातल्या आकड्याला ०.९३ ने गुणा. २५ अंश सेल्सिअसला तक्ता ८.२६ सांगतो, इथे तो ७.७ धरायचा. पहाटे ४.६ मिळाले तर साठ टक्के, दुपारी १०.८ मिळाले तर एकशे चाळीस. शंभराच्या एवढं वर गेलं की शेवाळाची खूण पटते. ऑक्सिजन मोजणारं यंत्र वापरत असाल तर उंचीची जुळणी त्यातही करावी लागते. त्यात उंची शून्य मीटरच राहिली तर सात टक्क्यांची चूक सगळ्या वाचनांत शिरते.

बीओडीसाठी त्याच ठिकाणची वेगळी बाटली बर्फावर आणा आणि सहा तासांत लावा. आपल्याकडे ती २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. गंगापूरखालचं पाणी बहुधा तसंच चालतं. नासर्डीचं मात्र पातळ केल्याशिवाय लावलंत तर तिसऱ्या दिवशी बाटलीत शून्य उरतं आणि निष्कर्ष काहीच निघत नाही. १५ आणि ३० मिलिलिटर नमुना ३०० च्या बाटलीत, अशी दोन प्रमाणं लावा. किमान २ मिलिग्रॅम खर्च झाले आणि किमान १ उरला तरच ती बाटली धरा. मलजल शुद्धीकरण केंद्राच्या सांडव्याखालच्या नमुन्यात क्लोरीन राहिला असेल तर जिवाणू मरतात आणि बीओडी फसवा कमी येतो, म्हणून आधी सोडियम सल्फाइटने क्लोरीन मारा आणि थोडं बीज, म्हणजे जिवंत जिवाणू असलेलं पाणी, टाका. उघड्यावर स्नानासाठीच्या पाण्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा ऑक्सिजन ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी अशी आहे. ताडून बघताना पहाटेचा आकडा धरा.

हंगाम आणि धरणातला विसर्ग वहीत नोंदवा. आवर्तन सुटल्यावर दोन दिवसांत आकडे बदलतात. २०१५ च्या सिंहस्थातल्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या होत्या, त्यांची तुलना मे महिन्याच्या पाण्याशी करणं निरर्थक. पावसाळ्यात रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं की घाटावर उतरायचं नाही. त्या दिवसाची नोंद 'पूर, नमुना नाही' अशी ठेवा.

उरलेली अझाइडची द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका. तांब्याच्या आणि शिशाच्या नळ्यांत अझाइड साचून स्फोटक क्षार तयार होतात. झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये जमा करा, वर तारीख आणि नाव लिहा, आणि आम्लाच्या कॅनपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवा.