चार गळे, एक माईक: भजनी मंडळात ब्लूग्रास गॉस्पेल कसं बसवायचं

ब्लूग्रास हे अमेरिकेतलं तारवाद्यांचं लोकसंगीत, आणि गॉस्पेल म्हणजे त्यातली ख्रिस्ती भक्तिगीतं. बिल मन्रो आणि त्याच्या ब्लू ग्रास बॉइज या वाद्यवृंदानं १९४० च्या दशकात घडवलेल्या या संगीतात भक्तिगीत आलं की अनेकदा बँजो आणि फिडल (व्हायोलिन) बाजूला ठेवतात. उरतात मॅन्डोलिन, गिटार आणि चार आवाज. मराठवाड्यात सप्ताहाला, हरिपाठाला उभं राहणाऱ्यांना यातली पैलतीराची ओढ नवी नाही, मोकळा गळाही नवा नाही. नवं एवढंच की सगळ्यांनी एकच स्वर न लावता चौघांनी चार वेगळे स्वर धरायचे. सगळी गोडी तिथंच आहे, मेहनतही तिथंच.

चाल गातो तो लीड. त्याच्या वर टेनर, खाली बॅरिटोन आणि तळाला बेस. टेनरला बारीक, धारदार आवाज हवा. मंडळातला सुराला सर्वांत पक्का माणूस मात्र बॅरिटोनला द्या, कारण त्या ओळीला स्वतःची अशी चाल नसते आणि कच्चा गायक नकळत लीडकडे सरकतो. पट्टी टेनरच्या गळ्यावरून ठरवा. त्याचा तार सा ताणून लागावा, पण फाटू नये. पुरुषांनी खालच्या पांढरी पाचपासून सुरुवात करावी.

सरावाला ‘अमेझिंग ग्रेस’ हे इंग्रजी भक्तिगीत घ्या. शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ साली छापलेले. रूढ चाल भूपाच्या पाच स्वरांतली आणि दादऱ्यात बसणारी. ‘अमेझिंग ग्रेस, हाउ स्वीट द साउंड’ या पहिल्या ओळीत लीडचे स्वर असे: खालचा प, सा, गसा, ग, रे, सा, खालचा ध, खालचा प. यातल्या तीन जागा आधी पक्क्या करा. ‘ग्रेस’वर लीड ग, टेनर प, बॅरिटोन सा, बेस खालचा सा. ‘स्वीट’वर लीड सा, टेनर म, बॅरिटोन खालचा ध, बेस खालचा म. ‘साउंड’वर लीड खालचा प, टेनर सा, बॅरिटोन खालचा ग, बेस खालचा सा.

प्रत्येकानं आपली ओळ पेटीवर एकट्यानं घोटावी. मग लीड आणि टेनर, त्यांच्यात बेस, शेवटी बॅरिटोन. एकेका जागेवर दादऱ्याची चार आवर्तनं थांबा. चौघं जमले की पेटी बंद करा, फक्त तंबोरा ठेवा. पेटीचा गंधार किंचित चढा असतो. तो धरून गायलं तर मेळ लागतो, पण गुंजत नाही. ग वाला आवाज केसभर उतरला की स्वरांची थरथर थांबते आणि चार गळ्यांचा एकच भरीव नाद उठतो. या गाण्याचं वेड लागतं ते इथं.

मुरक्या फक्त लीडनं घ्याव्यात, तेही कमी. ‘गसा’ची छोटी हरकत त्याची, बाकीचे आपला स्वर धरून उभे. ‘ग्रेस’चा ए सगळ्यांचा सारखा उघडा हवा आणि शेवटचा स एकदम तुटायला हवा, नाहीतर चार वेळा सळसळ ऐकू येते. टाळ नको, त्याचा झणकार मेळ झाकतो. पखवाजही नको. गिटारवर पहिल्या मात्रेला खर्जाची तार, दुसऱ्या-तिसऱ्याला हलका झटका, बस्स. भजनासारखी लय चढवायची सवय इथं आवरावी लागते.

मंडपात चौघांना एकच माईक द्या. बेस अगदी जवळ, टेनर अर्धं पाऊल मागं. साउंडवाल्याला इको शून्यावर ठेवायला सांगा. तो सुरू असेल तर मागचा स्वर पुढच्यावर चढतो आणि ‘स्वीट’चा म ‘साउंड’मध्ये घुमत राहतो.