कृषी महाविद्यालयात जा, पण रिकाम्या हातानं नको

आमच्या करवीर तालुक्यात ऊस पिवळा पडला की माणूस आधी खताचं दुकान गाठतो. दोन बाटल्या हातात पडतात, उधारी वहीत चढते. तो पिवळेपणा लोह कमी पडल्यानं येतो, मुळाशी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागली तरी येतो, सरीत पाणी साचलं तरी येतो. तीन दुखण्यांना एकच बाटली कशी चालंल?

कोल्हापूरचं राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं कृषी महाविद्यालय १९६३ चं. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ ला झालं, म्हणजे हे त्याच्याआधीचं. आता त्याच विद्यापीठाखाली आहे. पोरांना पदवी देणं हे त्याचं एक काम झालं. शेतकऱ्याला सल्ला देणंही त्यांच्या कामातच येतं, तेव्हा संकोच करू नका.

जाताना पिवळ्या उसाचं आख्खं बेट मुळासकट उपटून न्या. नुसतं पान नेलं तर साहेब तरी काय सांगणार? मुळं धुऊ नका. शेजारचं एक निरोगी बेटही घ्या. प्लॅस्टिकात घाम सुटून सगळं कुजतं, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळा. हुमणी सापडली तर मातीसकट डब्यात घाला.

मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी घ्यायचा. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा सोडा. शेतभर नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा काढा, आतली माती फेकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पोत्यात भरलीत तर अहवाल पोत्याचा येईल, रानाचा नाही! चिठ्ठीवर गट नंबर, मागचं पीक, घातलेलं खत आणि पाणी विहिरीचं का नदीचं, एवढं लिहा. नमुना कुठं द्यायचा, फी किती, हे आधी फोनवर विचारून घ्या.

शेवटच्या वर्षाची पोरं कृषिदूत म्हणून गावात येतात. त्यांना चहा पाजून फोटोपुरतं सोडू नका. बेणेप्रक्रिया, म्हणजे लागणीआधी उसाच्या कांड्यांना औषध लावणं, तुमच्याच रानात करून दाखवायला लावा.

आणि गुऱ्हाळ असलं तर को ९२००५ या उसाच्या जातीबद्दल ऊस व गूळ संशोधन केंद्रात विचारा. तेही राहुरीच्या विद्यापीठाचंच, पण कॉलेजहून वेगळं. एकच समजून निघालात तर पायपीट ठरलेली.