बारा महिन्यांचा घरखर्च कसा मांडावा

घरचा हिशोब चुकतो तेव्हा आपण किराणा, दूध आणि हॉटेलच्या बिलाला दोष देतो. माझे निरीक्षण वेगळे आहे. किराणा, दूध, वीज आणि गॅस यांची दरमहाची रक्कम बहुतेक घरांत थोडीफारच हलते, आणि घर सांभाळणाऱ्या व्यक्तीला ती तोंडपाठ असते. हिशोब मोडतो तो वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या खर्चांमुळे. जूनमधली शाळेची फी आणि वह्या-पुस्तके, गाडीचा विमा, घरपट्टी, आरोग्य विम्याचा हप्ता, दिवाळी, लग्नातले आहेर असे हे खर्च आहेत. त्यांना आपण ‘अचानक आलेला खर्च’ म्हणतो. पण शाळा दरवर्षी जूनमध्येच सुरू होते आणि विम्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी एका जूनमध्ये फी, स्कूटरचा विमा आणि फ्रिजची दुरुस्ती एकाच पंधरवड्यात आली आणि पन्नास हजार रुपये क्रेडिट कार्डावर गेले. बिलात ‘किमान देय रक्कम’ अडीच हजार दिसली आणि तेवढीच भरून मी निश्चिंत झालो. पुढच्या बिलात व्याज होते दरमहा साडेतीन टक्क्यांनी 1,750 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315. म्हणजे भरलेल्या अडीच हजारांतून मूळ रकमेत जेमतेम 435 रुपये कमी होणार होते. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून पत्नीने आणि मी पहिल्यांदा संपूर्ण वर्षाचा खर्च लिहून काढला. तीच पद्धत पुढे सांगतो आहे.

एखादा निवांत रविवार घ्यावा. मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट आणि मोबाईलमधल्या यूपीआय व्यवहारांची यादी समोर ठेवावी. कागदावर एप्रिल ते मार्च असे बारा रकाने आखावेत आणि जो खर्च दर महिन्याला येत नाही, तो ज्या महिन्यात आला त्या रकान्यात लिहावा. आठवणीवर विसंबू नये, कारण आहेर आणि प्रवास हे खर्च माणूस हमखास विसरतो. चौघांच्या एका घराचे उदाहरण घेऊ: शाळेची फी व पुस्तके 30,000, आरोग्य विमा 18,000, दिवाळी 20,000, आहेर आणि प्रवास 15,000, घरातली दुरुस्ती 10,000, दोन गाड्यांचा विमा व सर्व्हिसिंग 9,000, घरपट्टी आणि पाणीपट्टी 6,000. बेरीज 1,08,000 होते आणि बाराने भागल्यास दरमहा 9,000. याचा अर्थ असा की ज्या घरात पगार 40,000 येतो, त्या घराचा महिना प्रत्यक्षात 31,000 रुपयांत चालवायचा आहे. हा आकडा पाहून धक्का बसतो, पण तो धक्का जूनमध्ये बसण्यापेक्षा आजच बसलेला बरा.

हे नऊ हजार रुपये रोजच्या खात्यात राहिले तर खर्च होतात. त्यासाठी वेगळे बचत खाते उघडावे, ते मोबाईलमधल्या यूपीआयला जोडू नये आणि त्याचे एटीएम कार्ड कपाटात ठेवावे. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम त्या खात्यात आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. ‘महिनाअखेरीस उरले की टाकू’ असे म्हटले की काही उरत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पगार सात किंवा दहा तारखेला होत असेल आणि कर्जाचा हप्ता पाच तारखेला कापला जात असेल, तर हप्ता परत जाण्याची भीती दर महिन्याला राहते. हप्ता परत गेला की दंड लागतो आणि पत-गुणांकावरही परिणाम होतो. कर्ज देणाऱ्या बँकेकडे लेखी अर्ज करून हप्त्याची तारीख पुढे नेता येते का, हे जरूर विचारावे.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला दरमहा पगार नसतो. जानेवारी ते एप्रिल या काळात बागेचा पैसा येतो आणि त्यावर वर्ष काढायचे असते. अशा घराने क्रम ठरवून घ्यावा. आधी पीककर्ज मुदतीत फेडावे, कारण व्याजाची सवलत वेळेवर फेडणाऱ्यालाच मिळते. मग एप्रिलच्या खरड छाटणीचा आणि ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीचा खर्च, औषधे व मजुरीसह, बाजूला काढावा. उरलेल्या रकमेच्या एकाच मोठ्या मुदतठेवीऐवजी बारा लहान ठेवी कराव्यात आणि दर महिन्याला एक मुदत संपेल अशी मांडणी करावी. घराला त्यातून पगारासारखी ठरलेली रक्कम मिळते आणि मध्येच गरज पडली तर एखादीच ठेव मोडावी लागते. सौदा ठरला म्हणजे पैसा आला, असे मात्र कधीही धरू नये. रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय त्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नये. व्यापाऱ्याचा चेक न वटल्यामुळे आमच्या नात्यातल्या एका घराला मुलीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलावे लागले, ते मी जवळून पाहिले आहे.

रोजच्या खर्चासाठी मी एकच नियम पाळतो. आठवड्याची रक्कम सोमवारी एका लहान खात्यात टाकतो आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेले आहे. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातली भाजी, रिक्षा, चहा-मिसळ, मुलांची खाऊची मागणी हे सारे त्यातूनच. शनिवारी खाते रिकामे झाले तर रविवारी घरीच थांबतो. वहीत प्रत्येक रुपया लिहिण्याची सवय चांगली असली तरी ती दोन महिन्यांपुरती पुरे. तेवढ्यात पैसा कुठे झिरपतो ते कळते.

अडीअडचणीचा निधी या सगळ्यापासून वेगळा ठेवावा. कायम नोकरी असल्यास किमान तीन महिन्यांचा आणि कंत्राटी काम किंवा शेती असल्यास किमान सहा महिन्यांचा घरखर्च त्यात असावा. तो कुठे ठेवावा, याबाबत आपल्या भागात मोठा गैरसमज आहे. बँकेतल्या ठेवींना, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून वाढवण्यात आली. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हे संरक्षण नाही. फलकावर ‘सहकारी’ हा शब्द दिसला की दोन्ही सारख्याच, असे लोक धरतात आणि एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवतात. संचालक ओळखीचे आहेत, हे संरक्षण नव्हे. भिशीचेही तसेच आहे. शिस्त लागावी म्हणून ओळखीच्या दहा-बारा जणींची लहान भिशी ठीक, पण अडचणीचा निधी भिशीत ठेवू नये, कारण आजारपण आपला नंबर लागेपर्यंत थांबत नाही.

कर्ज घेताना व्याजदर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर, हा प्रश्न पहिला विचारावा. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅट दराने घेतले तर व्याज 36,000 होते आणि हप्ता सुमारे 3,778 रुपये. मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज पूर्ण लाखावरच धरलेले असल्यामुळे, घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो. दुकानातला माणूस बारा म्हणतो, बँक चौदा म्हणते, आणि आपण बारा स्वस्त समजून सही करतो. दोन्हीकडून एकूण परतफेडीची रक्कम लेखी मागावी आणि तीच ताडून पाहावी.

कमावत्या माणसाचा विमा नसेल तर बाकीचा हिशोब एका अपघातात विस्कटतो. बँकेत खाते असलेल्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघात संरक्षण मिळते, आणि प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत 436 रुपयांत तेवढ्याच रकमेचे आयुर्विमा संरक्षण. वर्ष 1 जून ते 31 मे असे असते, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी. ही रक्कम कुटुंबाला पुरेशी नाही, म्हणून मुले लहान असताना मुदत विमा वेगळा घ्यावाच. बचत आणि विमा एकत्र बांधलेल्या पॉलिसीत संरक्षण हप्त्याच्या मानाने फार थोडे मिळते.

हे सर्व झाल्यावर उरणाऱ्या पैशातून दीर्घ मुदतीची बचत सुरू करावी. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, खाते 15 वर्षांचे असते आणि त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. त्यात व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजतात, म्हणून पैसे पाच तारखेच्या आत भरावेत.

शेवटी एक वही करावी. तिच्यात प्रत्येक खाते, ठेव, पॉलिसी आणि कर्ज कुठे आहे, नॉमिनी कोण आहे आणि मूळ कागद कोणत्या कपाटात आहेत ते लिहावे. पिन आणि पासवर्ड मात्र लिहू नयेत. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर नॉमिनी म्हणून बऱ्याचदा दिवंगत वडिलांचेच नाव राहिलेले असते, ते याच आठवड्यात बँकेत जाऊन बदलून घ्यावे. वही कुठे ठेवली आहे, ते घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला दाखवून ठेवावे.