पहिल्या स्पर्धेआधी मुलांना हात वर करायला शिकवा

माझी लेक सात वर्षांची असताना पहिली शालेय बुद्धिबळ स्पर्धा खेळली. समोरचा मुलगा "मात!" म्हणाला. हिने हात मिळवला, निकालावर सही केली आणि रडत बाहेर आली. शेवटची स्थिती तिच्या डोक्यात पक्की होती. घरी मांडून पाहिली, तर राजाला पळायला एक घर मोकळं होतं! पण सही झाल्यावर काय उपयोग? दोन महिने मी तिच्याकडून ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, घोटून घेतलं होतं आणि हे शिकवायचंच राहिलं होतं.

म्हणून तयारी इथून सुरू करा. कोणी "मात" म्हणालं की लगेच हात मिळवायचा नाही. राजा हलू शकतो का? मध्ये काही घालता येतं का? शह देणारं मोहरं मारता येतं का? तिन्ही गोष्टी बोटांवर मोजून बघायच्या. शंका उरली तर दोघांचा वेळ मोजणारं, चाल झाली की दाबायचं ते घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत समोरच्याशी वाद घालायचा नाही.

हे नुसतं सांगून भागत नाही, घरी करून घ्यावं लागतं. आमच्याकडे मी पंच व्हायचे आणि तिचे बाबा मुद्दाम चुकीची चाल करून घड्याळ दाबायचे. पहिल्या दिवशी तिचा हात खांद्याच्या वर जाईना. लाजरं मूल नियम पाठ असूनही गप्प राहतं, म्हणून रोज एकदा तरी हे नाटक कराच.

बाकीच्या नियमांपैकी हे तीन हाताला वळण लागेपर्यंत घ्या. हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं, त्यामुळे विचार चालू असताना हात मांडीखाली. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, करताना आधी राजा उचलायचा. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग गेलं. आणि ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ.

नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं, तर फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांप्रमाणे क्लासिकल (जास्त वेळेच्या) आणि रॅपिड (कमी वेळेच्या) डावांमध्ये पहिल्या वेळी समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्या वेळी सहसा डावच जातो. मुलाला हे आधीच माहीत असेल तर ते घाबरत नाही.

स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीची असते. हरलं तरी कोणी बाहेर पडत नाही, पुढची फेरी साधारण तेवढेच गुण असलेल्याशी होते. हे आदल्या रात्रीच समजावून सांगा, पहिल्या हारेनंतर मूल ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये डावातल्या चुका काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. पाणी द्या, थोडं पळू द्या. चुका दुसऱ्या दिवशी बघता येतात.

दुसऱ्या स्पर्धेत, तिसऱ्या फेरीला, मी दाराच्या काचेतून बघत होते. समोरच्या मुलीच्या राजाला शह होता आणि तिने भलतंच प्यादं सरकवून घड्याळ दाबलं. माझ्या लेकीने घड्याळ थांबवलं आणि हात सरळ वर केला. पंच येईपर्यंत तो तसाच होता. तो डाव ती हरली. पण बाहेर धावत येऊन पहिलं वाक्य काय, तर "आई, पंचांनी मला दोन मिनिटं दिली!"