गिनी पिगची जोडी जमवताय? आधी या चुका टाळा

गिनी पिग एकटा ठेवू नये, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. स्वित्झर्लंडने तर २००८ सालीच तसा नियम केला. आपल्याकडे नियम नाही, पण लोक व्हिडिओ बघून दुसरा आणतात. इथवर छान. गोंधळ पुढे होतो. शनिवारी संध्याकाळी दुकानातून आणायचा, घरी येऊन जुन्याच्या पिंजऱ्याचं दार उघडायचं, आत सोडायचा आणि रात्री मला फोन करायचा: "ताई, हे मारामारी करतायत, काय करू?"

माणसं बदलतात, चुका त्याच असतात. आधी घाई करायची आणि नंतर लुडबुड.

"दोन्ही माद्याच आहेत, दुकानदार म्हणाला"

दुकानदार काहीही म्हणू दे, स्वतः बघा किंवा डॉक्टरांना दाखवा. लहान पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं अवघड असतं आणि दुकानातल्या मुलाला तेवढा वेळ नसतो. मादीला इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर दिसते. नराला टिंबासारखं छिद्र असतं आणि त्याच्या जरा वर पोटाकडच्या बाजूला बोटाने अगदी हलका दाब दिला की लिंग बाहेर येतं. कळत नसेल तर दाबत बसू नका, डॉक्टरांकडेच न्या.

नर तीन आठवड्यांचा झाला की बाप होऊ शकतो. मादी चार ते सहा आठवड्यांत वयात येते. गर्भ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा. ओळखीतल्या एका घरी "दोघी बहिणी" आणल्या होत्या. त्यातली एक फार जाड झाली म्हणून काकूंनी तिची काकडी बंद केली. जाडीचं कारण कळलं ते पिंजऱ्यात तीन पिल्लं दिसली तेव्हा. गोष्ट इथेच थांबली नाही, कारण दुसरी "बहीण" अजून तिथेच होती. गिनी पिगची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. दोन महिन्यांनी पुढची वीण आली, तीही आधीच्या बाळंतपणातून मादी सावरली नसताना. मादीला पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या वयानंतर झाली तर ओटीपोटाची हाडं जुळून गेलेली असतात, पिल्लं अडकतात आणि मादी दगावू शकते. म्हणून "एकदा पिल्लं होऊ दे, मुलांना बघायला मिळेल" हे माझ्यासमोर बोलू नका.

नर-मादीच हवे असतील तर नराची नसबंदी करा, तीही छोट्या प्राण्यांच्या शस्त्रक्रियेची सवय असलेल्या डॉक्टरांकडून. त्यानंतरही सहा आठवडे थांबायचं, कारण तेवढा काळ तो बाप होऊ शकतो. इथेही लोकांना दुसऱ्याच आठवड्यात भेट घडवायची घाई.

दोन नर जमत नाहीत ही अफवा आहे. जमतात, फक्त घरात मादीचा वास नको आणि जागा भरपूर हवी. तीन महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत ते टग्या वयात असतात, तेवढं सोसायची तयारी ठेवा. मोठा शांत नर आणि लहान पिल्लू ही जोडी मला सगळ्यात सोपी वाटते.

आल्या दिवशीच भेट

नव्याला दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं. खरजेचे किडे, सर्दी, नायटा यातलं काहीही दुकानातून सोबत येऊ शकतं आणि नायटा तर घरातल्या मुलांच्या हातावरही उठतो. "पण तो एकटा पडेल ना" म्हणणाऱ्यांचं मन चांगलं असतं, पण दोन्ही प्राण्यांना औषध लावायची वेळ आली की मन बदलतं.

जुन्याच्या पिंजऱ्यात नवा

लोकलमध्ये तिघं ऐसपैस बसलेले असताना चौथा "जरा सरका" म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे कसं बघतात ते आठवा. पिंजऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्याला जुन्याचा वास असतो. पहिली भेट तिथे कधीच नाही.

मी हॉलमधलं टीपॉय बाजूला सारते, जमिनीवर धुतलेली चादर अंथरते. मध्ये सुक्या गवताचा मोठा ढीग आणि त्यावर कोथिंबीर विस्कटून टाकते. वाटीत नाही, विस्कटून, म्हणजे वाटीवर कुणाला हक्क सांगता येत नाही. लपायला खोका ठेवलाच तर दोन दारांचा. एका दाराच्या घरात एक शिरला की दुसरा दारात उभा राहतो आणि खरी मारामारी तिथेच होते. बाजूला जाड टॉवेल आणि केराची सुपली ठेवते. हात मध्ये घालायचा नाही. गिनी पिगचे पुढचे दात बोटात शिरले की टाके पडतात.

जरा काही झालं की उचलून घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

डोंबिवलीतलंच एक जोडपं. जुना बटर, नवा ढोकळा, दोघंही नर. रोज वीस मिनिटं भेट घडवत. बटर ढोकळ्यावर चढला रे चढला की नवरा ढोकळ्याला उचलून छातीशी धरायचा. दिवसेंदिवस प्रकरण चिघळत गेलं, कारण वर कोण हा प्रश्न कधी सुटलाच नाही. दर भेटीत पहिल्या पानापासून सुरुवात. मी म्हटलं, रविवारी सकाळी दोघांना घेऊन या आणि दुपारचं जेवण इथेच करा.

चादरीवर सोडल्या सोडल्या बटर घुरघुरत, मागचा भाग डावी-उजवीकडे झुलवत त्याच्याभोवती फिरायला लागला. मग मागून हुंगणं, मग चढणं. ढोकळा किंचाळत पळाला. नवरा उठला, त्याला बसवलं. पुन्हा पाठलाग, पुन्हा उठला. शेवटी त्याच्या हातात चहा दिला आणि म्हटलं, कप रिकामा होईपर्यंत हलायचं नाही. मध्येच ढोकळा वळला, दात कटकटवले. दोघंही समोरासमोर, नाकं छताकडे, कुणाचं नाक जास्त वर याची स्पर्धा. मी टॉवेल हातात घेतला. ढोकळ्याने नाक खाली घेतलं आणि गवताकडे गेला. बटर मागोमाग आला, त्याच्या तोंडातली कोथिंबिरीची काडी ओढून घेतली. ढोकळ्याने दुसरी उचलली. बस्स, तिथे प्रश्न सुटला. जेवणं आटोपली तेव्हा बटर मागचा पाय लांब करून पडला होता.

लोकांना हे बघवत नाही. घुरघुरणं, चढणं, पाठलाग, केसांना हिसका, मादीने मागे मुताची पिचकारी मारणं हे सगळं चालतं. यात कुणाचं रक्त निघत नाही. दातांची कटकट म्हणजे ताकीद, तिथे सावध व्हायचं. अंगावरचे केस फुगवून दोघंही माघार घेत नसतील, एकमेकांवर झेप घेत असतील तर मध्ये टॉवेल टाका. दोघांचा एक गोळा होऊन लोळायला लागले किंवा रक्त दिसलं तर भेट संपली, दोघांना वेगळं करा.

एकदा बसलात की दोन-तीन तास बसा. रोजच्या वीस मिनिटांच्या हप्त्यांचा उपयोग नाही. जमल्यावर रात्री वेगळं ठेवायचं नाही. दोघांना एकाच खोक्यातून न्यायचं, तोपर्यंत पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन आतल्या वस्तूंच्या जागा बदलून ठेवायच्या. पहिल्या रात्री पिंजऱ्यात पुन्हा थोडा धिंगाणा होतो. बटर-ढोकळ्याच्या घरून रात्री फोन आलाच. रक्त आहे का? नाही. मग झोपा.

बाकीच्या चुका

दोघांना एकत्र अंघोळ घालणं: भिजून कुडकुडणारे दोन जीव एकमेकांना चिकटतात, त्याला लोक मैत्री म्हणतात.

दोघांचा वास सारखा व्हावा म्हणून अंगाला व्हॅनिला इसेन्स चोळणं: नको.

सोबतीला ससा: त्याची लाथ गिनी पिगला झेपत नाही. शिवाय निरोगी दिसणाऱ्या सशाकडून बॉर्डेटेला नावाच्या जिवाणूचा संसर्ग होऊन गिनी पिगला न्यूमोनिया होतो.

एकच पाण्याची बाटली, एकच घर: प्रत्येक गोष्ट दोन घ्या.

दुकानातला दोन फुटी पिंजरा: दोघांना कमीत कमी चार बाय दोन फूट मोकळी जमीन लागते. मजले मोजायचे नाहीत. हॉल लहान आहे ही सबब मला सांगू नका, माझाही लहानच आहे.

एप्रिल-मेमध्ये दुपारी भेट: २६-२७ अंशांच्या वर त्यांना उष्णतेचा त्रास सुरू होतो. पाठलागात जीव जाईल. सकाळी लवकर करा किंवा एसी लावून करा.

चावल्याच्या जखमेवर घरातलं औषध: हे मात्र दोनदा वाचा. लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप किंवा पेनिसिलिन गटातलं कुठलंही औषध तोंडावाटे देऊ नका. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात गिनी पिगचा जीव जातो. जखम सलाइनने धुवा आणि डॉक्टरांकडे न्या. वरून बारीक दिसणाऱ्या जखमेत आत पू धरतो.

जोडी जमली की वजन करणं बंद: स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला दोघांचं वजन घ्या. दबलेला गिनी पिग भांडत नाही, फक्त त्याला गवतापर्यंत पोचू दिलं जात नाही. ते डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.

आणि रक्त निघालेल्या दोघांना "बघू, होईल सवय" म्हणून पुन्हा एकत्र कोंडणं. काही जोड्या जमत नाहीत. अशा वेळी मोठ्या पिंजऱ्यात मध्ये जाळी लावायची, दोन्हीकडे गवत जाळीला लागूनच ठेवायचं. वास येतो, आवाज येतो, शेजारी बसून खातात. महिन्याभराने वाटलंच तर पुन्हा चादर अंथरा. नाही तर जाळी कायमची राहू द्या.