ब्रेकडाऊन कव्हर घेताय? आधी टोइंगचे किलोमीटर बघा

रोडसाईड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवणारं कव्हर, घेताना आपण काय करतो, तर सगळ्यात स्वस्त प्लॅन शोधतो, पैसे भरतो आणि विसरून जातो. मीपण तेच केलं होतं. मग एकदा रात्री हायवेवर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, म्हटलं घरी गेल्यावर बघू, पण थोड्या वेळाने हेडलाईट मंद झाले, वायपर झोपेत असल्यासारखे फिरायला लागले आणि शेवटी गाडी गप बंद पडली. कस्टमर केअरला फोन केला, माणूस आला, बिचारा चांगला होता, दुसऱ्या बॅटरीला केबल लावून जंप स्टार्ट दिला, गाडी चालू झाली आणि केबल काढल्यावर दोन मिनिटांत परत बंद. म्हणाला, "बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर गेलाय, इथे काही होणार नाही, टो करायला लागेल, आणि तुमच्या प्लॅनमध्ये २० किलोमीटरच फ्री आहेत." घर होतं ९० किलोमीटरवर. उरलेल्या ७० किलोमीटरचा भाव तो सांगेल तो, रात्री अकराला रस्त्याच्या कडेला उभं राहून कोण घासाघीस करणार.

तेव्हापासून मी कुठलाही प्लॅन उघडला की सगळ्यात आधी टोइंगची ओळ शोधतो. किती किलोमीटर फ्री, ते कुठून मोजणार (गाडी बंद पडली तिथून की टोवाला निघतो तिथून, यात फार फरक पडतो), आणि गाडी कुठे नेऊन सोडणार. "जवळच्या गॅरेजपर्यंत" लिहिलं असेल तर जवळचं म्हणजे त्यांच्या यादीतलं जवळचं, तुमचा नेहमीचा मेकॅनिक नाही. तुम्ही गावातल्या गावातच गाडी चालवत असाल तर कमी किलोमीटरचा प्लॅन चालतो, उगाच मोठा घेऊ नका. पण महिन्यातून एकदा जरी लांब जात असाल तर नेहमीच्या रस्त्यावरचं घरापासूनचं सगळ्यात लांबचं अंतर काढा आणि तेवढं टोइंग मिळतंय का बघा. बाकी सगळं यानंतर.

पैसे भरायच्या आधी घरातली कागदं काढा. नवीन गाडीच्या वॉरंटीबरोबर बऱ्याचदा कंपनीचं असिस्टन्स येतं, इन्शुरन्समध्ये अ‍ॅड-ऑन म्हणून आधीच घेतलेलं असू शकतं, काही बँक खात्यांबरोबरही मिळतं. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरणारे लोक मी बघितलेत, त्यात एक माझा भाऊच आहे. फक्त इन्शुरन्सच्या अ‍ॅड-ऑनमध्ये वर्षाला किती वेळा बोलावता येतं ते बघून घ्या, तिथे आकडा छोटा असतो कधीकधी.

मग कव्हर गाडीचं आहे की माणसाचं हे बघा. गाडीचं असेल तर ती गाडी कोणीही चालवत असो, मदत मिळते. माणसाचं असेल तर तुम्ही ज्या गाडीत असाल तिला मिळते, पण तुमची गाडी बायको घेऊन गेली आणि बंद पडली तर नाही. घरात एक गाडी आणि चालवणारे तिघे असतील तर गाडीचं घ्या, दोन-तीन गाड्या असतील तर फॅमिली प्लॅनचा हिशोब करून बघा.

दारात उभी असलेली गाडी हा वेगळाच विषय. बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते आणि ती मरते तेव्हा बहुतेक वेळा सकाळी, घराखाली, ऑफिसला उशीर होत असतानाच मरते. आणि नेमकं काही बेसिक प्लॅनमध्ये घरापासून ठराविक अंतराच्या आतलं काही धरत नाहीत! जुनी बॅटरी असेल तर घरी येऊन चालू करून देण्याची सोय त्यात आहे का ते नक्की विचारा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये, त्यांच्या गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची असते आणि ती बसली की गाडी जागची हलत नाही.

इलेक्ट्रिक, ऑटोमॅटिक किंवा फोर व्हील ड्राईव्ह असेल तर फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) लिहून घ्या. पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेणं सगळ्या गाड्यांना चालत नाही, बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असताना ऑइल फिरत नाही आणि चाकं फिरत राहिली तर गिअरबॉक्सची वाट लागते. इलेक्ट्रिकमध्ये चाकांबरोबर मोटरही फिरते. "आमच्याकडे सगळ्या प्रकारची वाहनं आहेत" असं फोनवर सांगतात, ते पॉलिसीत कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

अजून एक, मदत कोण पाठवणार? काहींची स्वतःची माणसं असतात, काही जण त्या भागातल्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावतात, आणि काही प्लॅन असे की तुम्हीच सोय करा, बिल भरा, मग क्लेम करा. शेवटचा प्रकार स्वस्त असतो, पण खिशात त्या क्षणी पैसे पाहिजेत आणि पावती सांभाळायची शिस्त पाहिजे. माझ्याकडे दुसरी गोष्ट नाही.

बारीक अक्षरात काय असतं: मजुरी फ्री पण पार्टचे पैसे वेगळे, गाडी अमुक वर्षांपेक्षा जुनी नको, तोच बिघाड थोड्या दिवसांत परत झाला तर नाही, चुकीचं इंधन भरलं किंवा किल्ली आत राहिली तर कधी धरतात कधी नाही. आणि प्लॅन घेतल्या घेतल्या चालू होत नाही बऱ्याचदा, म्हणजे गाडी बंद पडल्यावर मोबाईलवरून घेऊ ही आयडिया डोक्यातून काढा.

रिन्यूअलला ऑटो डेबिट लावून झोपू नका. नव्या माणसाला काय भावाने देतात ते बघा, तोच भाव फोन करून मागा, माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तरी मिळतो.

आणि आज खाली गेलात की डिकी उघडा. स्टेपनी आहे का नुसतं पंक्चरचं किट आहे, स्टेपनीत हवा आहे का, आणि अ‍ॅलॉय व्हील असतील तर लॉक नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला खास नट) ती छोटी चावी सापडतेय का बघा. ती नसेल तर मदतीला आलेला माणूस सगळी हत्यारं घेऊन तुमच्या चाकाकडे बघत बसतो, आणि साध्या पंक्चरसाठी तुमचे टोइंगचे किलोमीटर खर्ची पडतात.